चंद्रीचं जोतं

रावजी आजही जेवण होताच चष्मा घेऊन चंद्रीच्या पडक्या घराच्या जोत्यावर जाऊन बसला आणि जानकीच्या अंगाची लाही लाही झाली.

चंद्री मुंबईला गेली, तिथंच मेली. सड्यावरची सगळी वाडी ओस पडून हे दोघंच म्हातारे नवराबायको उरले, तरी त्या सटवीनं नवऱ्याला काही सोडलं नव्हतं. जागेचा भूतकाळ दाखवणारे चष्मे सरकारनं वाटले काय, आणि ही बया पुन्हा तरुण होऊन दारात उभी राहिली!

"एवढं काय हो बघण्यासारखं आहे तिच्यात?" म्हणत जानकीनं चष्मा हिसकावला आणि स्वतःच्या डोळ्यांवर चढवला.

चंद्री कुठंच नव्हती. समोरच्या विहिरीवर विशीतली जानकी उभी होती. चंद्रीचा नवरा शिवराम तिची कळशी ओढून देत होता. कळशी केव्हाच वर आली होती, तरी ती त्याच्याकडे बघून हसतच होती. मागं पाणंदीत डोक्यावर गवताचा भारा घेऊन रावजी थांबला होता.

जानकीनं चष्मा काढला. "तेवढंच होतं हो ते."

"ठाऊक आहे," रावजी म्हणाला. "रोज बघतो. एकदा तरी मागं वळशील म्हणून."