लाल डब्याचा हट्ट

“शंभर वर्षं सगळ्यांची धूळ खाऊन मालगाडीचा शेवटचा लाल डबा वैतागला,” नेब्रास्कातल्या आमच्या फाटकापाशी मी माझ्या लेकाला, वेंडेलला, चौथ्यांदा सांगत होते. “एक दिवस तरी मला पुढे लावा, म्हणाला. लावला. तर इंजिन रुसून बसलं, गाडी तीन दिवस जागची हलेना! मग साहेबांनी डबाच काढला आणि गाडीच्या शेपटीला लाल दिवा टांगला. दिवा हट्ट करत नाही.”

“आणि त्या डब्यात बसणारे बाबा?”

“त्यांना इंजिनात बसवलं.”

“खोटारडी! बाबा शेवटीच असतात. तिथूनच मला टाटा करतात.”

गाडी आली. इंजिनाच्या खिडकीतून अर्धाअधिक बाहेर येऊन माझा नवरा क्लाइड टोपी हलवत ओरडत होता. “अरे, बघ ना पुढे!” मी वेंडेलची हनुवटी वळवली. त्यानं माझा हात झटकला.

“सरक गं, शेपूट दिसत नाही मला!”

मक्याचे शंभरेक डबे जाईपर्यंत तो हात वर धरून थांबला. शेवटी दिवा लुकलुकत निघून गेला.

“आजही आले नाहीत,” म्हणत त्यानं हात खाली घेतला.

मैलभर पुढे, वळणावर, टोपी अजून हलत होती.