पुढची ओळ

तिरडी उचलली आणि भागोजीशेट भजनी मंडळाच्या पुढे जाऊन उभे राहिले. मुलगा हितेश मडकं घेऊन पुढे चालू लागला होता.

सदूबुवांनी मृदंग गळ्यात अडकवला आणि हळूच म्हणाले, "शेट, आज नेहमीचा जुना अभंग घेऊ. सगल्यांना पाठ हाय."

"माझी बायको माझ्याच अभंगावर जाईल," शेट म्हणाले.

आता यावर कोण बोलणार? आगरदांड्याच्या धक्क्यावर प्रत्येक होडीत बर्फ चढतो तो शेटच्या कारखान्यातला. शेट अभंग रचतात आणि दर गुरुवारी आपल्याच ओटीवर बसून गातात. ते ओळ म्हणणार, मंडळ तीच मागून म्हणणार. वर्षानुवर्षं हेच. शेटना वाटायचं, आपले अभंग किनाऱ्यावर घरोघरी लोकांच्या तोंडी बसलेत. बर्फ काय, विरघळून जातो. हे मात्र आपल्यामागे राहणार.

रचायचे बरे, पण पाठांतराच्या नावाने बोंब. गाता गाता अडायचे आणि मान जराशी मागे कलती करायचे. माजघराच्या दाराआडून त्यांची बायको कोकिळाबाई पुढची ओळ सांगायच्या. एकदा बाईंचा आवाज थोडा मोठा झाला. शेटनी टाळ थांबवून भर मंडळीत सुनावलं, "तू कोलंबी सोल. अभंग तुझं काम न्हाय."

मंडळी हसली. हसावंच लागतं. त्यानंतर बाई इतक्या हळू सांगायच्या, की शेटना एकट्यालाच ऐकू जावं. पुढे पुढे तर शेटना वाटू लागलं, आपलं आपल्यालाच आठवतंय.

खाडीकडच्या वाटेला लागल्यावर शेटनी सूर लावला. "नाव तुझी देवा, वल्हं तुझ्या हाती..." मंडळाने ओळ उचलली. शेटना एकदम भरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हे शब्द त्यांच्या काळजाला भिडले होते. आणि दुसरी ओळ येईना.

त्यांनी पहिलीच पुन्हा म्हटली. मंडळानेही म्हटली. शेटनी तीच परत म्हटली, मंडळानेही परत. मग शेट आशेने बुवांकडे बघू लागले. बुवांनी मान खाली घातली. शेटनी एकेकाचं तोंड पाहिलं. कुणी टाळाची दोरी सारखी करत होतं, कुणाला अचानक खाडीतल्या होड्या दिसायला लागल्या होत्या. एवढ्या जणांत एकालाही दुसरी ओळ येत नव्हती.

शेवटी मागून कुणीतरी तो जुना अभंग धरला. सगळं मंडळ सुटका झाल्यासारखं खड्या आवाजात गाऊ लागलं आणि शेटना वळसा घालून पुढे निघालं.

शेट वाटेतच उभे राहिले. सवयीने त्यांनी मान जराशी मागे कलती केली.

ती ओळ येणारं एकच माणूस चौघांच्या खांद्यावर होतं.