सात जणींसाठी

"पत्र देऊन टाकते मी," बाई म्हणाल्या. "सात मुलींना कांजिण्या झाल्यात, सामना सोडतोय. यात लाज कसली?"

शिडी बुटाची नाडी बांधत होती. उंची सहा फुटांना दोन बोटं कमी, म्हणून सगळं कॉलेज तिला शिडीच म्हणे. संघाची कर्णधार तीच. तिने मान वर केली नाही.

"पाच आहोत ना, बाई. बास्केटबॉलला मैदानात पाचच लागतात."

"आणि एखादी बाहेर गेली तर?"

"तर चौघी खेळू."

बाईंनी पत्राची घडी करून पर्समध्ये टाकली. समोरचा संघ तीन वर्षं पहिल्या क्रमांकावर होता, यंदा एकही सामना हरलेला नव्हता. त्यांच्या बाकावर सात राखीव मुली ओळीने बसल्या होत्या. यांच्या बाकावर पाच पिशव्या.

सामना सोडणं परवडणारच नव्हतं. संघातल्या बाराही जणींना फी माफ होती, वसतिगृह फुकट. ही सवलत ठेवायची की बंद करायची, ते संस्थेचे अध्यक्ष आज ठरवणार होते. हरलात तर बंद, जिंकलात तर चालू, शब्द देतो, असं त्यांनी बाईंना तोंडावर सांगितलं होतं.

शिडीला स्वतःची फारशी काळजी नव्हती. ती कुठेही हातपाय मारून जगली असती. पण त्या आजारी सात जणींतली एक तिची धाकटी बहीण होती. सवलत गेली की धाकटी घरी, आणि घरी मामाने स्थळ पाहूनच ठेवलेलं. वडील गेल्यापासून घरात मामापुढे कोणाचं चालत नसे. सकाळी शिडी वसतिगृहाच्या आजाऱ्यांच्या खोलीबाहेर उभी होती, तेव्हा धाकटी तोंडभर पुरळ घेऊन खिडकीशी आली होती.

"ताई, मला घरी नको गं पाठवू."

"तू खाजवू नकोस. बाकीचं मी बघते," शिडी म्हणाली होती. बघते म्हणजे काय करते, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

पहिल्या दहा मिनिटांतच पाचही जणींच्या नाकी नऊ आले. समोरून दर थोड्या वेळाने ताज्या दमाच्या दोघी आत येत, दमलेल्या दोघी बाहेर जाऊन पाणी पीत. इकडे टाइमआउट झाला की बाईच बाटल्या घेऊन धावत. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "बाकीच्या काय स्वयंपाकाला लावल्यात का?" लोक हसले. शिडीने ऐकलं आणि सोडून दिलं. भांडायलाही दम लागतो.

मध्यंतराला त्या नऊ गुणांनी मागे होत्या. अध्यक्ष खाली उतरून बाकापाशी आले. माणूस वाईट नव्हता. स्वतःच्या हातातली पाण्याची बाटली त्यांनी एका मुलीला देऊन टाकली.

"बाई, एरवी त्या सात जणी काय करतात?"

"राखीव असतात, साहेब. कोणी दमली की तिच्या जागी जातात."

"म्हणजे बसून असतात?"

"वेळ येईपर्यंत बसतात," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी मान डोलावली. चला, निदान विचारपूस तरी करतायत, असं शिडीला वाटलं. तिला जरा धीर आला.

"लांबून मारतील तर मारू द्या," ती चौघींना म्हणाली. "आत मात्र येऊ द्यायचं नाही. चुकलेला चेंडू माझा."

तसंच झालं. समोरच्या मुली लांबून मारत राहिल्या, चुकत राहिल्या, आणि चुकल्या तशा चिडत गेल्या. शिडी प्रत्येक चेंडूसाठी उडी मारत होती. गुडघे नको म्हणत होते. अंतर पाचावर आलं, मग तिनावर.

सात मिनिटं उरली असताना पंचांची शिट्टी वाजली. संघातल्या बुटकीचा पाचवा फाऊल, म्हणजे ती बाहेर. बुटकी बाकावर जाऊन बसली आणि टॉवेल तोंडात कोंबून रडू लागली. तिच्या जागी जायला कोणी नव्हतं.

आता चौघी. शिडीने वर पाहिलं. अध्यक्ष उभे राहिले होते. सगळेच उभे होते, मघाशी हसणारेसुद्धा.

पुढचं शिडीला नीट आठवत नाही. एवढंच कळत होतं, की थांबलं तर धाकटीचं सामान बांधावं लागेल. शेवटचे सहा सेकंद उरले तेव्हा एका गुणाने मागे होत्या. चेंडू हातात आला आणि डाव्या पोटरीत गोळा आला. तिने एका पायावरच उडी मारली. चेंडू कड्यावर फिरला, रेंगाळला आणि आत पडला.

बासष्ट, एकसष्ट.

बाई हमसून रडत होत्या. चौघी जमिनीवर पसरल्या होत्या. शिडीने आधी फोन मागितला, बहिणीला सांगायला. तेवढ्यात अध्यक्ष आले. त्यांचे डोळे ओले होते. त्यांनी शिडीच्या डोक्यावर हात ठेवला.

"सवलत चालू. दिलेला शब्द मी मोडत नाही."

शिडीने त्यांचे पाय धरले. आपण हरलो नाही, धाकटी वाचली, एवढंच तिच्या मनात होतं.

"अगं, ऊठ. उलट मीच तुमचे आभार मानतो. या बाई मला वर्षभर सांगत होत्या, बारा जणींशिवाय संघ चालत नाही. तुम्ही आज माझे डोळे उघडलेत." ते बाईंकडे वळले. "पुढच्या सत्रापासून सवलतीच्या या पाच जागा पक्क्या. त्या सात जणींना बऱ्या झाल्या की सवलत संपल्याचं घरी कळवायला सांगा. खरं तर चौघींतही भागतं, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं, पण मी काही कद्रू माणूस नाही."