बुटाची लेस

बाबा गेल्यानंतर त्यांची जुनी काँटेसा गाडी मी पहिल्यांदाच बाहेर काढली, आणि देवळाली कॅम्पपासून द्वारका चौकापर्यंत एसीतून गरम हवाच येत राहिली. मे महिन्याचं ऊन, आणि शेजारी घामाघूम झालेली आई. गॅरेजमध्ये युनूसभाईंनी गॅस तपासला, कॉम्प्रेसरला कान लावला, मग बॉनेटखाली हात घालून हसले. “ताई, एसी पण चालू, हीटर पण चालू. गाडीनं बिचारीनं करायचं काय?” हीटरची जुनी तार तुटली होती, म्हणून त्याच्या गरम पाण्याचा कॉक कुणीतरी बुटाच्या काळ्या लेसनं उघडा बांधून ठेवला होता. कुणी, ते मला माहीत होतं. हिवाळ्यात केमोला जाताना बाबांना फार थंडी वाजायची, आणि तोफखान्यात आयुष्य काढलेला माणूस गॅरेजची वाट कशाला बघेल! युनूसभाईंनी पक्कड उचलली. “कापून टाकू?” “नको, मी सोडते.” बाबांनी बांधलेली ती गाठ सुटू नये, असंच मला वाटत होतं. पण लहानपणी माझ्या शाळेच्या बुटांची लेस बांधताना बाबा सांगायचे, “गाठ अशी मारावी, की सोडणाऱ्याला त्रास होऊ नये.” मी एक टोक ओढलं. गाठ सहज सुटली. युनूसभाईंनी कॉक बंद केला, आणि थोड्या वेळानं गाडीत गार हवा येऊ लागली. “आता कसं बरं वाटतंय गं,” आई आतून म्हणाली. मी लेस मुठीत धरून उघड्या बॉनेटच्या आडच उभी राहिले, तिला दिसणार नाही अशी.