गुढीची डहाळी

गल्लीवरून रोज ड्रोन फिरायचं. लोक अंगावरचे फोड लपवतात, पण दाराला कडुनिंब बांधल्याशिवाय राहत नाहीत, एवढं त्याला शिकवलेलं होतं. डहाळी दिसली की सरकारी गाडी यायची आणि आजारी पोराला एकट्यालाच तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन जायची. म्हणून कांजिण्या आलेल्या घरांनी कडुनिंब बांधणंच सोडलं.

सुगंधाची लेक ओवी तापाने फणफणली होती, अंगभर फोड आले होते. सुगंधा पाडव्याची वाट बघत राहिली. आज घरोघरी गुढीला कडुनिंब होता. तिनेही दाराला डहाळी बांधली. ड्रोन वरून सरळ निघून गेलं.

"ओवे, गाठी आणलीय बघ," म्हणत शेजारची शेवंता अंगणात आली. तिला सातवा महिना होता. एरवी डहाळी पाहून ती तिथूनच मागे फिरली असती. आज ती हसत उंबऱ्याकडे निघाली.

ड्रोन कोपऱ्यावर घिरट्या घालत होतं. त्याला कानही होते.

"वहिनी, आत येऊ नका," सुगंधा मोठ्याने म्हणाली. "आमची डहाळी गुढीची नाही."

घरघर जवळ आली. शेवंता मागे सरली आणि अंगणाच्या तोंडाशी फतकल मारून बसली.

"येऊ दे गाडी. ओवीबरोबर तुलाही घेतल्याशिवाय इथून कशी हलते, तेच बघते."