पळी उभी राहणारी खीर

“खीर अशी घोटायची, की पळी उभी राह्यली पाहिजे. तुझ्या माहेरासारखं तांदळाचं धुवण नको,” असं जयवंताबाईंनी सुनेला, मनीषाला, जन्मभर ऐकवलं. आज त्यांचं पहिलं पित्तर. घट्ट खीर लेकीनं, द्वारकानं, रांधली. पण पत्र्यावरच्या पानाला कावळा शिवेना.

“वहिनीनं पळी हलवली असंल! तिच्या हातची खीर नुसती बघून आईला शिसारी यायची,” द्वारका फणकारली.

मनीषा उठून स्वयंपाकघरात गेली. शेवटच्या दुखण्यात घशाखाली घास उतरेना, तेव्हा सासूबाईंनी महिनाभर तिचीच पातळ खीर मागून घेतली होती. “माझ्या पित्तराला हीच ठेव,” म्हणाल्या होत्या, “पण द्वारकीला कळू देऊ नको. हसंल मला.”

पहाटेच भरून ठेवलेली वाटी पदराखाली झाकून मनीषा शिडीकडं निघाली.