सहाव्या मिनिटाची शिट्टी

सहाव्या मिनिटाला शिट्टी वाजली.

बारीक आणि चिरकी. ती आपल्या टेबलावरून आलेली नाही, हे तिला लगेच कळलं. गेली बारा वर्षं ती या टेबलावरच्या बटणांतून, वायरींतून आणि खोक्यांतून नाही नाही ते आवाज काढत आली होती. त्यातला प्रत्येक तिच्या ओळखीचा होता. हा परका होता.

छोटासा हॉल, चाळीस खुर्च्या, दुपारची वेळ. तिच्या पहिल्यावहिल्या रेकॉर्डचं ध्वनिमुद्रण चालू होतं. लोकांसमोर, एका दमात, पंचवीस मिनिटं. आधी काही बसवायचं नाही आणि मागून काही जोडायचं नाही, हा तिचाच हट्ट. हॉल साडेचारपर्यंतच मिळाला होता. त्यानंतर तिथे चित्रकलेचा वर्ग भरायचा.

माना वळू लागल्या. तिसऱ्या रांगेत तिचे सासरे गालाला तळवा टेकवून अगदी मन लावून बसले होते आणि त्यांच्या डाव्या कानातलं ऐकायचं मशीन केकाटत होतं. त्याच्याजवळ हात गेला की ते असं ओरडायचं. अख्ख्या हॉलला ऐकू येत होतं. ज्याच्या कानात वाजत होतं, त्याला सोडून. इतका बारीक आवाज त्यांना पोचतच नव्हता.

सासूबाईंनी कोपर मारलं. "अहो, वाजतंय!"

"काय वाजतंय?" सासऱ्यांनी आपल्या मते हळूच विचारलं. दारापाशी उभ्या असलेल्यांनीही ते ऐकलं.

"तुम्ही वाजताय!"

सासऱ्यांनी चटका बसल्यासारखा हात खाली घेतला. शिट्टी थांबली. त्यांचा चेहरा पार उतरला. याच शिट्टीपायी त्यांनी दोन वर्षं चारचौघांत जाणं टाकलं होतं. आज सुनेची रेकॉर्ड म्हणून कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आता ते पुढच्या खुर्चीचा आधार घेऊन उठू लागले.

कोपऱ्यात हेडफोन लावून बसलेल्या रेकॉर्डिंगवाल्यानं तिच्याकडे बघून हात वर केला आणि बोट गोल फिरवलं. पहिल्यापासून घेऊ या? आत्ता लगेच थांबलं, तर पुन्हा वाजवायला जेमतेम वेळ उरत होता.

तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. ते रांगेतल्या लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढायच्या बेतात होते. तिनं रेकॉर्डिंगवाल्याला मानेनंच नाही म्हटलं.

खोलीतले आवाज टिपायला एक माइक श्रोत्यांच्या डोक्यावर टांगलेला होता, आणि त्यावर आलेलं शेवटचं अर्धं मिनिट तिचं एक खोकं सतत साठवून ठेवायचं. तिनं एक बटण दाबलं. दुसरं हळूहळू डावीकडे फिरवलं. मघाची शिट्टी स्पीकरमधून बाहेर आली आणि खाली उतरू लागली. खाली, अजून खाली, पार जहाजाच्या भोंग्याइतकी जाड होईपर्यंत.

सासरे अर्धवट उठलेले तसेच थांबले. हे त्यांना ऐकू आलं होतं.

"हे काय गं?"

"मघाचे तुम्हीच," सासूबाई म्हणाल्या. "बसा आता."

ते बसले. तिनं त्यांच्याकडे बघून भुवया उंचावल्या, स्वतःचा तळवा कानापाशी नेला आणि हसली. करा की, बाबा.

सासऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. शाळेत चोरून हात वर करावा तसा त्यांचा हात वर गेला. शिट्टी आली. तिनं ती वरच्यावर झेलून खाली आणली. त्यांनी तळवा दूर नेला, आवाज तुटला. जवळ नेला, आवाज चढला. बोटांची वाटी केली तर तो वाकला, थरथरला. सासऱ्यांचे डोळे मोठे झाले. आपल्या हाताला असं काही येतं, हे त्यांना सत्तरी उलटल्यावर कळत होतं.

सुरुवातीला ते नुसतेच सुटले. त्यांनी तिला श्वास घेऊ दिला नाही, आणि तिनंही त्यांना अडवलं नाही. मग ते ऐकायला लागले. ती एक तुकडा वाजवायची, ते त्यावर काहीतरी टाकायचे, ती ते उचलायची. तिसऱ्या रांगेतली माणसं खुर्च्या सरकवून त्यांना जागा करून देऊ लागली. हसू दाबता दाबता सासूबाईंचा चष्मा नाकावरून घसरला.

एकदा तर त्यांनी हात वर नेला आणि तसाच धरून ठेवला. काहीच नाही. चार सेकंद, पाच सेकंद. तिचं बोट बटणावर अडकलेलं, चाळीस जणांचे श्वास अडकलेले. मग त्यांनी करंगळी तेवढी मिटली, आणि सूर फुटला. तिच्या अंगावर काटा आला. मोठमोठ्या वादकांबरोबर ती बसली होती, पण एवढा धीर थोड्यांनाच असतो.

वादन संपलं आणि टाळ्या थांबेनात. चित्रकलेच्या वर्गाची मंडळी कागदाच्या गुंडाळ्या घेऊन दारात येऊन थांबली होती, तीही टाळ्या वाजवू लागली.

रेकॉर्डिंगवाला कागद-पेन घेऊन आला. "कव्हरच्या मागं छापायला वादकांची नावं द्या."

तिनं सासऱ्यांकडे बोट दाखवलं. "आधी यांचं."

सासऱ्यांनी नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, खणखणीत.

"आणि वाद्य काय लिहू, काका?"



"डावा कान लिहा," ते म्हणाले. "उजव्यानं मी ऐकत होतो."